फोटोवर फोटो ‘पेस्ट’ केला की खालचा जातो कुठे? समजून घ्या ‘लेअर’चं गणित आणि झाकलेल्या आधार क्रमांकाचा धोका

मंडळाचा बॅनर, बारशाचं आमंत्रण, वाढदिवसाच्या शुभेच्छांचं स्टेटस... यासाठी आता दरवेळी डीटीपीवाल्याकडे जावं लागत नाही. मोबाइलवरच एका फोटोवर दुसरा पेस्ट केला, खाली नाव टाकलं की काम झालं. पण अडचणीही ठरलेल्या असतात. गणपतीच्या फोटोभोवती पांढरा चौकोन येतो. पेस्ट केलेला फोटो दिसतच नाही. इरेझर फिरवला तर भलतंच पुसलं जातं. आणि बॅनर ग्रुपवर टाकल्यावर कुणीतरी सांगतं की अध्यक्षांचं आडनाव चुकलंय. तोवर ते बदलण्याची सोय उरलेली नसते.

या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ‘लेअर’. बॅनर बिघडला तर फार तर पुन्हा करावा लागेल. पण लेअर कसे चालतात हे माहीत नसल्यामुळे अनेक जण आधार कार्डावरचा क्रमांक ‘काळा करून’ पाठवतात आणि समोरच्याला तो वाचता येतो. हे कसं घडतं ते पाहण्याआधी, पेस्ट केल्यावर नेमकं काय होतं ते समजून घेऊ.

पेस्ट म्हणजे चिकटवणं नव्हे

खरा घोळ नावातच आहे. कागदावर फोटो डिंकाने चिकटवला की तो आणि कागद एक होतात. फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तसं होत नाही. तिथे पेस्ट म्हणजे आधीच्या चित्रावर आणखी एक काच ठेवणं. पत्त्यांच्या गड्डीसारखी ही चळत असते, फक्त यातला प्रत्येक पत्ता काचेचा. वरच्या काचेवर जिथे चित्र आहे तिथे खालचं दिसत नाही. जिथे काच मोकळी आहे तिथून खालचं दिसतं. खालचा फोटो मात्र जिथे होता तिथेच, पूर्ण शाबूत असतो. यातली एकेक काच म्हणजे एकेक लेअर.

म्हणूनच वरचा फोटो हवा तसा सरकवता येतो, फिरवता येतो, काढून टाकता येतो. आणि म्हणूनच इरेझर भलतीकडे चालतो, कारण तो फक्त निवडलेल्या लेअरवर काम करतो. डोळ्यांना वर दिसणाऱ्यावर नव्हे. पेस्ट केलेला फोटो ‘गायब’ झाला असेल तर बहुतेक वेळा तो दुसऱ्या लेअरखाली गेलेला असतो, किंवा लेअरच्या नावाशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद असतं. कॅनव्हा, पिक्सआर्ट किंवा फोटोशॉप, कुठेही काम करत असाल तर आधी लेअरची यादी उघडून कोणता लेअर निवडलाय ते पाहण्याची सवय लावून घ्या. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

फोटोशॉपमध्ये आणखी एक गंमत आहे. कॅमेऱ्यातला फोटो उघडला की तो ‘बॅकग्राउंड’ नावाच्या, कुलूप लावलेल्या लेअरवर येतो. त्यावर इरेझर फिरवला तर पारदर्शक जागा तयार होत नाही, बॅकग्राउंडचा ठरलेला रंग उमटतो, आणि तो बहुधा पांढरा असतो. कुलूप काढलं की इरेझर नीट चालू लागतो.

ही सोय पहिल्यापासून नव्हती

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९०ची. लेअर आले ते १९९४मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी पेस्ट केलेला तुकडा चित्रावर तात्पुरता तरंगत राहायचा. तो जागेवर सोडला की खालच्या चित्रात कायमचा मिसळायचा. दुसऱ्या दिवशी तो दोन बोटं डावीकडे घ्यावासा वाटला, तर काम नव्याने करणं आलं.

या तरंगत्या तुकड्याने अलीकडेपर्यंत अनेकांना छळलंय. ‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं की ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ तयार व्हायचं आणि त्याचा निकाल लावेपर्यंत बाकीच्या लेअरवर काम करता यायचं नाही. एक तर ते खालच्या चित्रात ‘अँकर’ करा, नाहीतर त्याचा नवा लेअर करा. हे ठाऊक नसलेल्याला सॉफ्टवेअर अडकलं असंच वाटायचं. मार्च २०२५मध्ये आलेल्या गिम्प ३.०मध्ये पेस्ट केल्यावर थेट नवा लेअर होतो. विंडोजमधल्या ‘पेंट’ला तर लेअर मिळायला २०२३ उजाडलं.

पांढरा चौकोन कुठून येतो?

स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचे, म्हणजे पिक्सेलचे, लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. प्रत्येक आकडा ० ते २५५मधला. पण ‘इथे काहीच नाही, खालचं दिसू दे’ हे सांगायला चौथा आकडा लागतो. त्याला ‘अल्फा’ म्हणतात. हा चौथा आकडा साठवण्याची सोय पीएनजी फाइलमध्ये आहे, जेपीजीमध्ये नाही. त्यामुळे बॅकग्राउंड काढलेला फोटो जेपीजी म्हणून सेव्ह केला की मोकळ्या जागेत काहीतरी भरावंच लागतं. बहुतेक सॉफ्टवेअर पांढरा रंग भरतात. तोच तो चौकोन.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या पीएनजीचंही हेच होतं. लोगो किंवा कापलेला फोटो पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते. आणि इंटरनेटवर ‘ट्रान्सपरंट पीएनजी’ शोधताना सावध राहा. करड्या-पांढऱ्या चौकटी ही पारदर्शकतेची खूण आहे, पण काही महाभागांनी त्या चौकटी चित्रातच रंगवून ठेवलेल्या असतात!

लहान-मोठं करण्यातही एक खोच आहे. साधा लेअर लहान केला की सॉफ्टवेअर जास्तीचे पिक्सेल फेकून देतं. नंतर तो पुन्हा मोठा केला तर फोटो धूसर होतो, कारण फेकलेलं परत येत नाही. फोटोशॉपमध्ये पेस्ट करण्याऐवजी ‘प्लेस’ केलं तर फोटो ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ म्हणून येतो आणि मूळ पिक्सेल आत जपले जातात. मोबाइलवर १०८० पिक्सेल रुंदीचा केलेला बॅनर स्क्रीनवर झकास दिसतो. पण इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या हिशेबाने तो जेमतेम ३.६ इंच भरतो. फ्लेक्सला लांबून पाहायचं असल्याने इतकी बारकाई लागत नाही, तरी या आकारातून दहा फुटी फ्लेक्स काढायला सांगितला तर चेहरा फुटणारच.

काळी पट्टी आणि उरलेले दहा टक्के

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वरचा लेअर पूर्ण अपारदर्शक नसेल, तर सॉफ्टवेअर दोन्ही लेअरचे आकडे मिसळतं. हे मिसळण्याचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४मध्ये एका शोधनिबंधात पद्धतशीर मांडलं. सूत्र शाळकरी आहे. समजा वरच्या पिक्सेलचा आकडा २००, खालच्याचा १०० आणि वरच्या लेअरची ओपॅसिटी ६० टक्के. मग २००चे ६० टक्के म्हणजे १२०, अधिक १००चे ४० टक्के म्हणजे ४०. स्क्रीनवर दिसेल १६०.

हेच गणित आधार कार्डाच्या फोटोला लावून पाहा. पांढऱ्या कागदाचा आकडा साधारण २५५, काळ्या अंकांचा जवळपास ०. त्यावर काळ्या रंगाचा हायलायटर फिरवला आणि त्याची ओपॅसिटी ९० टक्के असली, तर कागद होतो सुमारे २५ आणि अंक राहतात ० वर. डोळ्यांना २५ आणि ० दोन्ही काळेच दिसतात. पण फाइलमध्ये दोन वेगळे आकडे आहेत. समोरच्याने फोटो एडिटर उघडून ब्राइटनेस आणि एक्स्पोजर वाढवलं की त्या २५चा करडा होतो आणि त्यात काळे अंक उमटतात. यासाठी हॅकर असण्याची गरज नाही. फोनच्या गॅलरीतले दोन स्लायडर पुरतात.

अशा फोटोचा स्क्रीनशॉट काढूनही उपयोग होत नाही, कारण स्क्रीनशॉटमध्येही २५ आणि ० हेच आकडे उतरतात. फोनच्या एडिटरमधलं हायलायटर हे मुळात खालचा मजकूर दिसावा म्हणूनच बनवलेलं साधन आहे. दोन-तीनदा फिरवल्यावर ते गडद दिसतं, पण खालचं पूर्ण बुजेलच असं नाही. ब्लर किंवा चौकड्यांच्या मोझॅकवरही विसंबू नये. अंक दहाच असतात. प्रत्येक अंकाचा ब्लर कसा दिसतो ते करून पाहिलं की जुळवाजुळव करता येते.

दुसरा धोका पट्टी पूर्ण काळी असतानाचा. फाइलमध्ये लेअर शाबूत असतील तर पट्टी उचलून बाजूला ठेवता येते. पीएसडी किंवा गिम्पची एक्ससीएफ फाइल कुणाला पाठवली, किंवा कॅनव्हाच्या डिझाइनची एडिट करता येणारी लिंक दिली, तर पट्टीखालचं सगळं सोबत जातं. पीडीएफमध्ये तर हे सर्रास घडतं, कारण तिथे मजकूर आणि त्यावर काढलेला चौकोन या दोन स्वतंत्र वस्तू असतात. अमेरिकेत ८ जानेवारी २०१९ रोजी पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदपत्रात काही ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या. हे मॅनाफोर्ट म्हणजे २०१६मध्ये काही काळ डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख होते ते. पत्रकारांनी पट्ट्यांवरून माउस ओढला, कॉपी केलं आणि दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केलं. झाकलेला मजकूर त्याच दिवशी बातम्यांमध्ये आला. एवढ्या मोठ्या खटल्यातल्या वकिलांची ही गत, तर भाड्याच्या घरासाठी एजंटला घाईघाईत कागद पाठवणाऱ्याचं काय!

मग पाठवायचं कसं?

आधारपुरतं बोलायचं तर झाकाझाकी करण्याची गरजच नाही. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करता येतं. त्यात पहिले आठ अंक मुळातच छापलेले नसतात, फक्त शेवटचे चार दिसतात. जिथे ते चालतं तिथे तेच द्यावं.

पॅन, बँकेचं स्टेटमेंट किंवा मार्कशीटवरचं काही झाकायचं असेल तर हायलायटर नको, पेनही नको. ‘शेप’मधला भरीव चौकोन घ्या आणि त्याची ओपॅसिटी १०० टक्के आहे ना ते पाहा. कार्डावर क्यूआर कोड असेल तर तोही झाका. आधारच्या कोडमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख असते. मग लेअर ‘फ्लॅटन’ करून जेपीजी किंवा पीएनजी म्हणून सेव्ह करा. फ्लॅटन म्हणजे सगळ्या काचा वितळवून एकच करणं. चौकोनाखालचे पिक्सेल तेव्हा खऱ्या अर्थाने नाहीसे होतात. पीडीएफ असेल तर झाकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवणं हा सोपा मार्ग. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं तरी खालचा मजकूर तसाच राहू शकतो.

बॅनरच्या बाबतीत नेमकं उलट करायचं. तिथे लेअर जपायचे असतात. लेअर असलेली मूळ फाइल वेगळी ठेवा आणि ग्रुपवर टाकायला तिची जेपीजी काढा. आडनावाची दुरुस्ती मूळ फाइलमध्ये मिनिटभरात होते. जेपीजीमध्ये मात्र नाव आणि त्यामागचा भगवा रंग एकजीव झालेला असतो.

झाकलेला फोटो पाठवण्याआधी एक चाचणी करता येईल. सेव्ह झालेली फाइल गॅलरीत नव्याने उघडा, एडिटमध्ये जाऊन ब्राइटनेस, एक्स्पोजर आणि शॅडो हे तिन्ही स्लायडर उजवीकडे शेवटपर्यंत न्या. पट्टी सपाट एकरंगी राहिली तर फोटो पाठवायला हरकत नाही. तिच्यात अंकांच्या कडा दिसू लागल्या, तर त्याच फोटोवर आणखी रेघोट्या ओढत बसू नका. मूळ फोटो उघडून भरीव चौकोनाने पुन्हा झाका.