क्वेरी माणसाला वाचता यावी म्हणून
डेटाबेसची भाषा : भाग ७

गेल्या आठवड्यात ग्राहक आणि बिलं ही दोन टेबलं जॉइनने जोडली आणि आपली क्वेरी बघता बघता आठ-दहा ओळींची झाली. ती कागदावर किंवा पडद्यावर मांडायची कशी, ते आज पाहू. डेटाबेसच्या लेखी हा प्रश्नच नाही. दोन शब्दांमध्ये एक स्पेस द्या, दहा द्या किंवा अख्खी क्वेरी एका ओळीत कोंबा, उत्तर तेच येतं. मांडणी लागते ती माणसाला. १९७४मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा मांडली, तीच मुळी प्रोग्रॅमर नसलेल्यांनाही वापरता यावी म्हणून. एका ओळीत कोंबलेली क्वेरी त्या हेतूवरच पाणी फिरवते.

एक उदाहरण बारकाईने बघू. पुणे आणि नाशिकचे, पाच हजारांवर थकबाकी असलेले ग्राहक हवे आहेत. कुणीतरी लिहितं :

व्हेअर शहर = 'पुणे' ऑर शहर = 'नाशिक' अँड थकबाकी > ५०००

यादीत पुण्याचे झाडून सगळे ग्राहक येतात, एक पैसाही थकवला नसेल तरी. कारण 'अँड' हा 'ऑर'च्या आधी जोडला जातो, त्यामुळे थकबाकीची अट एकट्या नाशिकला लागली. आता हीच क्वेरी नीटनेटकी करू :

व्हेअर शहर = 'पुणे'
   ऑर शहर = 'नाशिक'
अँड थकबाकी > ५०००

दिसायला छान, पण चूक तशीच आहे. उलट आता ती जास्त घातक झाली, कारण दोन्ही शहरं एका गटात असल्याचा भास होतो. डावीकडे सोडलेली जागा डेटाबेस वाचत नाही, तो कंस वाचतो. म्हणून आधी कंस, मग ओळी :

व्हेअर (शहर = 'पुणे' ऑर शहर = 'नाशिक')
  अँड थकबाकी > ५०००

डोळ्यांना जे दिसतं तेच डेटाबेसला कळलं, तरच मांडणी खरी. इथे 'इन' वापरून दोन्ही शहरं एकाच यादीत दिली, तर आणखी बरं.

जॉइनलाही हेच लागू. जुन्या पद्धतीत 'फ्रॉम'पुढे टेबलांची नावं स्वल्पविराम देऊन लिहीत आणि जोडणीच्या अटी खाली 'व्हेअर'मध्ये बाकीच्या अटींत मिसळून जात. त्यातली एक राहिली की हजार ग्राहक आणि पाचशे बिलांच्या पाच लाख ओळी तयार! या भाषेच्या १९९२च्या प्रमाणकाने 'जॉइन'ला स्वतंत्र जागा दिली. प्रत्येक जॉइन नव्या ओळीवर आणि त्याचा 'ऑन' लगेच त्याच्याखाली, एवढं पाळलं तर टेबल कशाने जोडलंय ते शोधावं लागत नाही.

'सिलेक्ट', 'फ्रॉम' हे शब्द मोठ्या लिपीत लिहायचे की छोट्या, यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या मते, टीमने कोणतंही एक ठरवावं आणि पुढे जावं. टेबलांच्या नावांचं मात्र तसं नाही. अवतरणचिन्हांत नसलेलं नाव पोस्टग्रेस छोट्या लिपीत नेतो, ओरॅकल मोठ्या. त्यामुळे नावाच्या मध्येच मोठं अक्षर घालून केलेली फोड तिथे टिकत नाही, अंडरस्कोर टिकतो.

क्वेरीतल्या टिपांबद्दलही सांगायला हवं, कारण ओळ कुठे संपते याने डेटाबेसला फरक पडतो तो इथेच. दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी टीप ओळ संपेपर्यंत चालते. एखाद्या प्रोग्रॅमने पाठवताना क्वेरीच्या सगळ्या ओळी जोडून एक केली, तर टिपेनंतरची सगळी क्वेरीही टीपच होऊन बसते. 'व्हेअर'च्या आधी अशी टीप असेल आणि क्वेरी 'डिलीट'ची असेल, तर अट गळून सगळं टेबल रिकामं होईल. प्रोग्रॅममधल्या क्वेरीत म्हणूनच तिरपी रेघ आणि तारका यांच्या जोडीत बंद केलेली टीप लिहावी.

क्वेरीच्या पोटात क्वेरी आली की मात्र नुसत्या ओळी पाडून भागत नाही; ती आतून बाहेर वाचावी लागते. १९९९च्या प्रमाणकात आलेल्या 'विथ'ने ती वरून खाली कशी वाचता येते, ते पुढच्या भागात.