जन्माची नोंद शोधायची तर आधी आईच्या माहेरी जा

आजचा विषय आहे मोठ्या झालेल्या मुलांच्या जन्माच्या दाखल्याचा. लहान बाळाचा दाखला आता दवाखान्यातूनच मार्गी लागतो. पण ज्याला मिसरूड फुटून वर्षं झाली आणि ज्याच्या जन्माचा एक कागदही घरात नाही, त्याचं काय करायचं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या. त्यांच्या मुलाला आखातात काम मिळणार होतं. एका एजंटाने त्यांना सांगितलं, "जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट नाही. पैसे द्या, आधारकार्डावरून सोलापूरचा दाखला काढून देतो." ताईंनी भिशीचे पैसे उचलायची तयारी केली होती. आम्ही म्हटलं, थांबा. आधी कायदा बघू.

पहिली गोष्ट, एजंटाचं सांगणं अर्धवट होतं. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅनकार्ड, वाहन परवाना असेही पुरावे चालतात. तेव्हा कुणी घाबरवलं की आधी विचारायचं, दाखला नेमका कशासाठी हवा आणि दुसरं काय चालतं?

दुसरी गोष्ट याहून मोठी. जन्माची नोंद आपण राहतो तिथे होत नाही, जन्म झाला तिथे होते. ताईंचं पहिलं बाळंतपण माहेरी, कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातल्या खेड्यात, घरीच झालेलं. म्हणजे सोलापूरचा दाखला खोटाच ठरला असता. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सोलापूरच्या कितीतरी जणींचं माहेर इंडी, अफझलपूर, आळंदकडचं. नोंद तिथे असते आणि आपण शोधतो इथे. मग "नोंदच नाही" म्हणून नवी करायला धावतो.

नोंद शोधायला काय लागतं? तारीख, गाव, आईचं नाव आणि वडिलांचं नाव. मुलाचं नाव घेऊन शोधू नका. नोंद पुष्कळदा बारशाच्या आधीच झालेली असते, त्यामुळे नावाची जागा कोरी असते आणि नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" लिहिलेलं असतं. कारकून नाव शोधतो, सापडत नाही आणि "नाही" म्हणून सांगतो.

तारीख आठवत नसेल तर सण आठवा. ताई म्हणाल्या, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाला, झोपाळा बांधायचा राहिला होता." जुन्या पंचांगावरून तारीख निघाली. शाळेत मात्र त्याची तारीख 1 जून! आपल्या गावांत 1 जूनला जन्मलेली माणसं किती, ते मोजा एकदा. गुरुजींनी वय बसवण्यासाठी घातलेली ती तारीख असते. म्हणून शोध एकाच तारखेवर थांबवू नका, मागची-पुढची दोन वर्षं बघायला सांगा.

कुठे शोधायचं? शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. कुंभारीसारख्या गावात ग्रामपंचायतीत, तिथे ग्रामसेवक हेच निबंधक असतात. कर्नाटकातल्या खेड्यांत ही नोंद बरीच वर्षं ग्राम लेखापाल, म्हणजे आपल्या तलाठ्यासारखा अधिकारी ठेवत आला. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी "नाही"ला काही किंमत नसते.

ताईंची नोंद सापडली. मुलाच्या आजोबांनी त्या वेळी जाऊन सांगितली होती. घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख, सगळं होतं. फक्त मुलाचं नाव नव्हतं. ताई त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसल्या होत्या.

अशा नोंदीत नाव घालता येतं. त्यासाठी नियमात 15 वर्षांची मुदत आहे. जुन्या नोंदींसाठी सरकारं ती वेळोवेळी वाढवतात, म्हणून सध्याची मुदत तिथल्या निबंधकांनाच विचारा. शाळेची तारीख वेगळी असेल तर पासपोर्टचा अर्ज भरण्याआधीच दोन्ही कागद जुळवायच्या मागे लागा. दोन कागदांवर दोन तारखा पडल्या की पुढे प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न येतो.

आणि नोंद खरंच नसेल तर? मग "नोंद आढळत नाही" असा लेखी दाखला घ्या. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त उशीर झालेल्या नोंदीला पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. आपल्याकडे त्यासाठी तहसील कार्यालयात जावं लागतं. जन्म कर्नाटकातला असेल तर अर्जही तिकडेच.

पुरावे जन्माच्या वेळचे किंवा त्याच्या जवळचे हवेत. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंदवही, पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जुनं रेशनकार्ड, भावंडांचे जन्मदाखले. कारखान्यात काम करणाऱ्यांनी एक जास्तीचा कागद बघावा. ईएसआयच्या अर्जात घरच्या माणसांची नावं आणि जन्मतारखा लिहून दिलेल्या असतात. नुसत्या आधारकार्डावर विसंबू नका. त्यावरची तारीख आपणच सांगितलेली असू शकते, त्यामुळे तो जन्माचा पुरावा धरत नाहीत.

महाराष्ट्रात जानेवारी 2025 मध्ये अशा उशिराच्या नोंदींचं काम सरकारने थांबवलं होतं. मार्चमध्ये नवी, कडक पद्धत आली. कागद तपासले जातात, चौकशी होते, खोटी माहिती दिली तर गुन्हा दाखल होतो. एजंटाने करून दिलेला दाखला रद्द झाला तर एजंट सापडत नाही. कागदावर सही आपली असते.

हे दुखणं फक्त आपलं नाही. थायलंडमध्ये चार लाखांहून जास्त लोक कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. त्यांतली बरीच डोंगरी भागातली माणसं, आणि अनेकांची जन्मनोंदच झालेली नव्हती. 2024 मध्ये तिथल्या सरकारने त्यांचा मार्ग सोपा करायचं ठरवलं. आपल्याकडेही 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत नागरिकत्व ठरवताना जन्माच्या जागेबरोबर आईवडिलांचं नागरिकत्वही बघतात. म्हणून मुलाच्या नोंदीत आईचं नाव बरोबर असणं हे नुसतं मानाचं काम नाही, कामाचंही आहे.

आता एक काम सांगतो. पुढच्या गटाच्या बैठकीत प्रत्येकीने एका वहीत लिहायचं: मुलं किती, कोणतं कुठे जन्मलं, दवाखान्यात की घरी, कोणत्या सणाच्या आसपास, सुईण किंवा नर्स कोण होती. सासूबाई आणि आई आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. त्यांच्या आठवणीत जे आहे, ते बऱ्याचदा कुठल्याच कपाटात नसतं.

त्या ताईंनी भिशीचे पैसे एजंटाला दिले नाहीत. त्यातून इंडीच्या एसटीचं तिकीट काढलं.