नंदीबैल, महानायक आणि संगणकावरची माती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सानगडीत काय किंवा साकोली तालुक्यातील दुसऱ्या कोणत्याही गावात काय, रस्त्यांवर लहान मुलांचे राज्य असते. तो तान्ह्या पोळ्याचा दिवस. कोणाचा लाकडी नंदी हातभर उंच, चाकांच्या पाटावर बसवलेला. कोणाचा जेमतेम वीतभर. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात माळ. नंदी ओढत पोरे घरोघर जातात आणि बोजारा घेऊन परततात. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असे सांगतात. मोठ्या बैलाजवळ जायला जे मूल भिते, त्याला लहान बैल हाती देऊन मोठ्याची ओळख करून द्यायची, ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे.

हे आठवण्याचे कारण असे, की आता अनेक घरांत त्याच मुलांचे थोरले भाऊ-बहीण रात्री मोबाइल किंवा संगणक घेऊन बसतात आणि बोटभर उंचीचे बाहुले घडवीत असतात. खांद्यावर वस्त्र, छाती रुंद, मुठी आवळलेल्या. सिनेमातले आणि चित्रकथांतले हे महानायक. हाताला माती लागत नाही, पटाशी लागत नाही. पडद्यावर बोट किंवा पेन फिरते आणि आकार उमटतो. वडील विचारतात, "हे काय चालले आहे? पोटापाण्याचे काही शिकतोस की खेळतोस?"

वडिलांचा प्रश्न रास्त आहे. वेळ जातो, डोळे दुखतात, वीज जळते, आणि उद्या कोणी वर्गाची मोठी फी मागितली तर तीही घरातूनच जायची. म्हणून हे काम नेमके काय आहे आणि मुलाने ते कसे शिकावे, हे घरातील मोठ्यांनीही समजून घेतलेले बरे.

पडद्यावरचा मातीचा गोळा

संगणकावरील मूर्तिकाम कुंभाराच्या किंवा गणपती घडविणाऱ्या कारागिराच्या कामाहून फार वेगळे नाही. सुरुवातीला पडद्यावर एक गोळा असतो. त्याचा पृष्ठभाग मासे धरायच्या जाळ्यासारखा असंख्य बारीक घरांनी विणलेला असतो. एका हत्याराने गोळा ओढला की नाक निघते, दुसऱ्याने दाबले की डोळ्याची खोबण पडते, तिसऱ्याने मातीच्या पट्ट्या थापल्यासारखी भर पडते, चौथ्याने पृष्ठभाग गुळगुळीत होतो. बारीक काम करायचे तेव्हा जाळीची घरे आणखी लहान करून घ्यायची.

मातीत नसलेल्या दोन सोयी येथे आहेत. उजवा गाल घडवला की डावा आपोआप तसाच घडतो. आणि चूक झाली तर एक पाऊल मागे जाता येते. या दोन सोयींमुळे नवशिक्याची भीती जाते, पण त्याच त्याला आळशीही करतात. खरा माणूस दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. चेहरा आरशातल्यासारखा सारखा ठेवला की मूर्ती निर्जीव दिसते. म्हणून जाणते कारागीर अर्ध्या कामानंतर ही सोय बंद करतात आणि मान किंचित वळवतात, एका पायावर भार देतात.

गोंदूरचा सुतार

लहान मूर्तीपासून मोठे काम कसे उभे राहते, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात १९२५ मध्ये सुतारकाम करणाऱ्या घरी राम सुतार यांचा जन्म झाला. त्यांचे गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी मुलाच्या हातातले कसब ओळखले आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची वाट दाखविली. १९५३ मध्ये त्यांना तेथे मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे १९५४ ते १९५८ या काळात त्यांनी पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळ येथील जुन्या मूर्तींच्या दुरुस्तीचे काम केले. गांधीसागर धरणावर त्यांनी चंबळ नदीची ४५ फुटी मूर्ती घडविली. नदी ही आई आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही तिची दोन मुले, अशी ती कल्पना.

गुजरातेत नर्मदेकाठी ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी उद्घाटन झालेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा हेही त्यांचेच शिल्प. एवढा प्रचंड पुतळा एकदम कोणी उभारला नाही. आधी ३ फुटांचा नमुना झाला, मग १८ फुटांचा, मग ३० फुटांचा. ३० फुटांचा नमुना पसंत पडल्यावर त्याची संगणकावर तंतोतंत मोजणी घेण्यात आली, आणि त्या मोजणीवरून पुतळ्याचे कांस्याचे पत्रे ओतले गेले. हाताने केलेल्या लहान मूर्तीला संगणकाने मोठे केले, ते असे. राम सुतार डिसेंबर २०२५ मध्ये वयाच्या शंभरीत गेले. ३ फुटी नमुन्यात खांदा चुकला असता तर १८२ मीटरच्या पुतळ्यातही तो चुकलेलाच राहिला असता. संगणक आकार वाढवतो, चूक सुधारत नाही.

मग महानायकच का?

मुलाला आवडतो, हे पहिले कारण, आणि ते लहान नाही. मन लागल्याशिवाय हात बसत नाही. अमेरिकेतील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन १९३८ मध्ये छापून आला, तेव्हापासून जगभरची मुले अशा नायकांची चित्रे काढीत आली आहेत. आपल्याकडे १९९७ मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला, तेव्हा खेडोपाडी मुले गोल गिरक्या घेऊ लागली होती. आज तीच मुले आईबाप झाली आहेत.

दुसरे कारण कामाचे आहे. महानायकाचे कपडे अंगाला चिकटलेले असतात. त्यामुळे शरीराची घडण लपवता येत नाही. छातीचे स्नायू कोठे संपतात, खांदा हाताला कसा जोडला आहे, गुडघ्याची वाटी कोठे येते, हे ठाऊक नसेल तर लगेच उघडे पडते. खांद्यावरचे वस्त्र वाऱ्यावर कसे उडते, यातून कापडाच्या चुण्या शिकता येतात. आणि प्रमाण शिकता येते. साधा माणूस आपल्या डोक्याच्या साधारण साडेसातपट उंच असतो. चित्रकार नायकाला आठ-नऊपट करतात. हे परकीयांनी आपल्याला शिकवले असे मात्र नाही. आपल्या मूर्तिशास्त्रात नवताल, दशताल अशी मापे फार पूर्वीपासून आहेत. देवाची मूर्ती मुखाच्या किती पट असावी, ते त्यात ठरवून दिलेले असते.

शिकावे कसे?

पहिली गोष्ट, साधन विकत घ्यायची घाई नको. ब्लेंडर नावाची प्रणाली पूर्णपणे मोफत आहे. नेदरलँड्सचे टोन रोसेंदाल यांनी ती तयार केली होती. कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी जमवली आणि ती सर्वांसाठी खुली करून घेतली. गावाने वर्गणी काढून विहीर बांधावी आणि पाणी सर्वांना मोकळे ठेवावे, तसाच हा प्रकार. त्याच ब्लेंडरवर लाटव्हिया या लहानशा देशातील गिन्ट्स झिल्बालोदिस यांनी 'फ्लो' हा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. संगणक अगदी साधा असेल तर 'स्कल्प्टजीएल' हे मोफत साधन इंटरनेटवर थेट उघडते. काही उतरवून घ्यावे लागत नाही.

पहिला महिना फक्त गोळा, अंडे, वांगे, मिरची, भोपळा असे आकार करावेत. वांग्याचे देठ नीट जमले की पुष्कळ शिकून झाले. दुसऱ्या महिन्यात डोके आणि हात. हात सर्वांत कठीण. आपलाच डावा हात समोर धरून करावा. तिसऱ्या महिन्यात बोटभर उंचीचा पूर्ण नायक घ्यावा. आधी ठोकळ्यांनी उभा करावा: डोके, छाती, कंबर, हात, पाय. या ठोकळ्यांतच नायक उभा राहिल्यासारखा वाटला नाही, तर पुढे स्नायू चढवून उपयोग नाही. मूर्ती सारखी फिरवून मागूनही पाहावी. नवशिक्यांच्या मूर्तींना बहुधा पाठच नसते.

चेहऱ्याच्या बारकाव्यांत आधीच गुंतणे ही सर्वांत मोठी चूक. शेत नांगरल्याशिवाय कोणी पेरणी करीत नाही, तेच येथेही. आणि दहा मूर्ती अर्धवट सोडण्यापेक्षा एक पुरी करावी. पुरी झालेली वाईट मूर्तीसुद्धा पुढच्या मूर्तीची गुरू असते.

पडद्यावरून तळहातावर

पडद्यावरची मूर्ती हातात घ्यायची तर तिची छपाई करतात. या यंत्राच्या एका पद्धतीचा पेटंट अर्ज अमेरिकेतील चक हल यांनी १९८४ मध्ये केला होता. आज सर्वांत सोप्या यंत्रात प्लॅस्टिकची तार वितळवून एकावर एक बारीक थर घालतात. एक थर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. कुंभारीण माशी जशी चिखलाच्या बारीक गोळ्या एकावर एक लावून घर बांधते, तसेच काहीसे.

या तारेत जास्त वापरली जाते ती पीएलए नावाची. ती मक्यातील स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून तयार होते. शेतमालाचे असेही रूप होते, हे आपण ध्यानात ठेवावे. पण ही तार सुमारे ६० अंशांना मऊ पडते. मे महिन्यात उन्हात बंद मोटारीत ठेवलेला नायक संध्याकाळी वाकून नमस्कार करताना सापडेल!

छपाईचेही काही नियम आहेत. हात आडवा पसरला असेल तर त्याखाली टेकू द्यावे लागतात, माळ्याने वेलीला देतो तसे. तलवार, बोटे, वस्त्राची कड एक मिलिमीटरपेक्षा बारीक केली तर ती तुटते. म्हणजे पडद्यावर दिसते ते सर्व हातात टिकतेच असे नाही. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात द्रव राळ उजेडाने घट्ट करतात. त्यात फार सुबक काम निघते, पण कच्ची राळ त्वचेला व श्वासाला घातक असते. हातमोजे आणि हवेशीर जागा यांशिवाय मुलांनी तिला हात लावू नये. यंत्र घरी घेण्याची गरजही नाही. शहरात छपाई करून देणारी दुकाने असतात. मूर्तीची फाइल पाठवावी आणि एकच नग काढून घ्यावा.

सावध असावे

तीन गोष्टी घरातील मोठ्यांनी पाहाव्यात. एक, सिनेमातल्या नायकांवर त्यांच्या मालकांचा हक्क असतो. शिकण्यासाठी घडवणे वेगळे आणि त्याच्या बाहुल्या बाजारात विकणे वेगळे. विकायचे तर आपला स्वतःचा नायक हवा. दोन, 'सहा महिन्यांत हमखास नोकरी' असे सांगून मोठी फी मागणाऱ्या वर्गापासून जपावे. आधी मुलाच्या हातून पाच पुऱ्या मूर्ती मोफत साधनावर होऊ द्याव्यात, मग वर्गाचा विचार करावा. तीन, रोज दीड तास पुरे. आणि त्यांतला अर्धा तास कागद-पेन्सिल किंवा खरी माती.

शाळेतील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षा मुलाने जरूर द्याव्यात. पुढे कलेचे शिक्षण घ्यायचे झाले तर नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. काम मिळते ते चित्रपटांत, संगणकीय खेळांत, खेळण्यांत, सोनारांच्या दागिन्यांचे साचे करण्यात, पुतळ्यांच्या कारखान्यात. प्रत्येकालाच ते मिळेल असे मात्र कोणी सांगू नये. ज्याचा हात आणि डोळा तयार असेल त्यालाच ते मिळते.

आपल्या मुलाचे भांडवल

डोळ्याची गोष्ट निघाली म्हणून शेवटी एक सांगायचे. साधन मोफत झाले, शिकवणारे चित्रपट मोबाइलवर आले. मग शहरातल्या मुलापाशी नसलेले असे आपल्या मुलापाशी काय आहे? त्याने बैल पाहिला आहे. चिखलणीला बांधीत उतरलेल्या बैलाचे वशिंड कसे हलते, ओढ घेताना मान कशी खाली जाते, खूर चिखलातून निघताना कसा वळतो, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. पोत्याखाली वाकलेल्या माणसाची पाठ त्याने पाहिली आहे. रोवणीच्या बायांचे ओळीने वाकलेले खांदे पाहिले आहेत. ओझे शरीरात कोठे जाते, हे पुस्तकातून शिकायला वर्षे लागतात.

पण हे भांडवल कायम टिकणारे नाही. ट्रॅक्टर आला, गोठ्यातल्या जोड्या कमी झाल्या. तान्ह्या पोळ्याला काही घरांत बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा बैल दिसतो; त्याचे वशिंड चुकीच्या जागी असले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी ते कोणाच्याच लक्षात येणार नाही, त्या दिवशी सुताराच्या नंदीचे मोलही कळेनासे होईल.

म्हणून मुलाने परदेशी नायकावर हात बसवावा, त्यात काही गैर नाही. हात बसल्यावर मात्र त्याला म्हणावे, आता आपल्या गोठ्यातला बैल कर. खांद्यावर नांगर घेतलेला हलधर बलराम कर. शेतकऱ्याचा महानायक तोच. बैल करताना आजोबांना शेजारी बसवावे. संगणकातले त्यांना काही कळणार नाही, पण वशिंड दोन बोटे मागे गेले आहे, हे ते पाहताक्षणी सांगतील. पुढच्या तान्ह्या पोळ्याला नातवाने घडवलेला नंदी गावातल्या सुताराने सागवानात कोरला, तर त्या नंदीत तिघांची विद्या असेल.