कातडीखाली (भाग ६) : मागासमोर उभे पाय

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या पाठबळानं गावात कापडाचा धंदा रुजला आणि पुढं गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर हे नाव पडलं. तेव्हापासून माग बदलले, धोट्याच्या मागाशेजारी बिनधोट्याचे आले, पण मागासमोरच्या माणसाचं उभं राहणं काही सुटलं नाही. बारा तासांची पाळी आणि एकेकाकडे चार-सहा माग. तार तुटली की जोडायची, कांडी संपली की बदलायची आणि पुढच्या मागाकडे वळायचं. चालणं होतं ते दोन-चार पावलांचं, बाकी सगळा वेळ पायांवर. शिरोलीच्या फौंड्रीतला मोल्डर, गांधीनगरच्या कापडपेठेतला विक्रेता, चौकातला वाहतूक पोलीस, लग्नातला आचारी या सगळ्यांची हीच गत.

अशा अनेकांच्या पोटरीवर चाळिशीच्या आत-बाहेर बोटाएवढ्या जाड, निळसर, वळणं घेणाऱ्या शिरा उठतात. 'नसा फुगल्यात' एवढंच त्याबद्दल घरात बोललं जातं. पुरुष पँटखाली झाकतो, बाई साडीखाली. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात, पण ते थकव्याच्या खात्यात जमा होतं. दवाखान्यात जायचा विषय निघाला तर 'दिसायचंच तर आहे, त्यावर कशाला खर्च' असं उत्तर येतं. या आजाराचं सर्वांत मोठं नुकसान या एका समजुतीनं केलं आहे, असं माझं मत आहे. वरून जे दिसतं तो आजार नव्हे. आजार त्याच्या वर कुठंतरी, बहुधा जांघेत किंवा गुडघ्यामागं, नजरेआड असतो.

पायातलं रक्त हृदयाकडे चढतं ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा असतात. पंचगंगेवरून उसाला पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: फूट व्हॉल्व्ह गेला की मोटर थांबताक्षणी पाइपातलं सगळं पाणी नदीत परत जातं. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरइतका दाब असतो. चालायला लागलं की तो साधारण ३० पर्यंत उतरतो. झडप निकामी असेल तर चालूनही दाब उतरत नाही. तो दाब वर्षानुवर्षं सोसून कातडीजवळची शीर ताणत जाते, वाकडीतिकडी होते आणि शेवटी बाहेरून दिसू लागते.

झडपा का बिघडतात? घराण्यातून येतं, बाळंतपणं, वजन आणि वय यांचाही हात असतो. पण उभ्या कामाचा वाटा आता शंकेपलीकडचा आहे. डेन्मार्कमध्ये नोकरदार स्त्री-पुरुषांचा बारा वर्षं पाठपुरावा करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बहुतांश वेळ उभ्यानं काम करणाऱ्यांना या शिरांसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळलं. इचलकरंजीच्या मागावरचं आयुष्य या हिशेबात कुठं बसतं, हे वाचकच ठरवू शकेल.

दुर्लक्ष झालं तर पुढं काय होतं याचाही एक ठरलेला क्रम आहे. १९९४ साली डॉक्टरांनी त्याचे शून्य ते सहा असे टप्पे ठरवले. केसाएवढ्या लाल-जांभळ्या रेषा म्हणजे पहिला टप्पा. तिथं प्रश्न खरोखरच बहुतेकदा दिसण्याचा असतो. तीन मिलिमीटरहून जाड शीर म्हणजे दुसरा, सूज तिसरा. चौथ्यात घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट, कडक होते, खाजते. हा टप्पा सर्रास इसब समजून मलमांवर घालवला जातो. पाचवा भरून आलेल्या व्रणाचा आणि सहावा उघड्या, वाहत्या व्रणाचा. घोट्यावर सहा-सहा महिने न भरणारी जखम घेऊन फिरणाऱ्या, साखर नसतानाही ती का भरत नाही हे न उमगलेल्या माणसाच्या जांघेतली झडप कुणी तपासलेलीच नसते.

आता उपचारांकडे. रोमन सेनानी मारियसची गोष्ट प्लुटार्कनं लिहून ठेवली आहे. स्वतःला बांधू न देता त्यानं एका पायाच्या शिरा कापून घेतल्या आणि दुसरा पाय पुढं करायला नकार दिला. एवढ्या वेदनेच्या मोलाचा हा इलाज नाही, असं त्याचं म्हणणं. १८९० साली जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी मांडीत शीर बांधायला सुरुवात केली. १९०५ ते १९०७ या काळात अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी शीर आतून किंवा बाहेरून ओढून काढायच्या पद्धती आणल्या. मग जवळजवळ शतकभर हेच चाललं: जांघेत छेद, कमरेत भूल, मांडीभर काळेनिळे डाग आणि काही आठवडे घरी. रोजावर काम करणाऱ्याला ते परवडण्यासारखं नव्हतंच.

बदल आला तो अनपेक्षित दिशेनं. मागच्या भागात चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं होतं. तीच शस्त्रक्रिया संपूर्ण भूल न देता करता यावी म्हणून कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. भरपूर सलाइनमध्ये अगदी पातळ केलेलं लिडोकेन आणि थोडं अ‍ॅड्रेनालिन मिसळून ते पाणी कातडीखाली भरायचं. जागा बधिर होते आणि रक्तस्राव फारसा होत नाही. लोकांची पोटं-मांड्या सडपातळ करण्यासाठी निघालेलं हे पाणी आज व्रणानं पिचलेल्या पायाच्या कामी येतं, ही वैद्यकातली मला फार आवडणारी गोष्ट आहे.

हे पाणी पायाच्या कामी कसं येतं, ते पाहू. घोट्याच्या आतून जांघेपर्यंत जाणारी मोठी शीर ही शरीरातली सर्वांत लांब शीर. रोग तिथं असेल तर सोनोग्राफीवर पाहत गुडघ्याजवळ सुई टोचतात आणि तिच्यातून केसासारखी बारीक लेझरची तार वर सरकवतात. टोक जांघेत ती शीर खोल शिरेला मिळते त्या जोडापासून सुमारे दोन सेंटिमीटर खाली थांबवतात. मग शिरेभोवती ते थंड, बधिर करणारं पाणी भरतात. त्यानं दुखणं थांबतं, शीर तारेवर घट्ट बसते आणि आजूबाजूची कातडी व मज्जातंतू उष्णतेपासून वाचतात. मग तार हळूहळू मागं ओढत शीर आतून भाजतात. लेझरऐवजी रेडिओलहरींचं उपकरण वापरलं तर ते १२० अंश सेल्सिअसला सात-सात सेंटिमीटरचा भाग वीस सेकंदांत बंद करत जातं. बंद झालेली शीर काही महिन्यांत शरीरच विरघळवून टाकतं. माणूस टेबलावरून उठून चालत बाहेर येतो, आणि चालायलाच हवं.

शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पायातलं जवळजवळ नव्वद टक्के रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांतून जातं. बिघडलेली वरची शीर रक्त नेत नसतेच, ती ते खाली सोडत असते. पोटरीवरच्या उरलेल्या फुगीर वळणांसाठी स्विस त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट म्यूलर यांची पद्धत आहे: दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रातून आकड्यानं शीर ओढून काढणं. टाका लागत नाही. आणखी बारीक शिरांसाठी औषधाचा फेस टोचतात. दोन सिरिंजमध्ये एक भाग औषध आणि चार भाग हवा घुसळून तो बनवायची सोपी रीत इटलीच्या तेस्सारी यांनी २००० सालच्या सुमारास दिली.

व्रणाच्या रुग्णांसाठी तर पुरावा फार मोलाचा आहे. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शीर लगेच बंद केलेल्यांचे व्रण भरायला मध्यकानुसार ५६ दिवस लागले. आधी पट्ट्या बांधून थांबलेल्यांना ८२ दिवस. सव्वीस दिवसांचा रोज, सव्वीस दिवसांचं ड्रेसिंग. 'आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू' हा सल्ला आता मागं टाकायला हवा.

एका गोष्टीवर मात्र अडून बसावं. कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केल्याशिवाय कुणालाही सुई लावू देऊ नये, आणि ती तपासणी रुग्णाला उभं करून व्हायला हवी, कारण आडवं पडल्यावर उलटा प्रवाह नीट दिसत नाही. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ मागं वाहिलं तर झडप नादुरुस्त. शिवाय खोल शिरेत जुनी गाठ अडकलेली असेल तर वरची फुगलेली शीर हीच रक्ताची पर्यायी वाट असू शकते. ती बंद करणं घातक. केवळ डाग घालवण्याच्या नावाखाली तपासणीविना टोचणाऱ्या ठिकाणी म्हणूनच जाऊ नये. वरच्या रेषा जातील, वरून येणारा दाब तसाच राहील आणि वर्षभरात शेजारी नव्या शिरा उठतील. गरोदरपणात उठलेल्या शिरांना हात लावायची घाई नको, बाळंतपणानंतर बऱ्याचशा ओसरतात.

धोके आहेत आणि ते आधी सांगितले गेले पाहिजेत: काही दिवस ओढल्यासारखं दुखणं, कातडीवर तपकिरी पट्टा, गुडघ्याखाली मज्जातंतूला धक्का बसून बधिरपणा, क्वचित खोल शिरेत रक्ताची गाठ. या शिरांसाठी दिले जाणारे घट्ट मोजेही सरसकट घालायचे नसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा मधुमेही माणसाच्या पायाच्या रोहिण्या अरुंद असतील तर त्याच मोज्यानं पाय काळा पडू शकतो. त्यामुळं आधी पावलाची नाडी तपासून घ्यावी. व्रण असलेल्यानं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या किंवा इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा विभागात आधी दाखवावं.

मागावर किंवा दुकानात उभं राहणाऱ्यानं तासातून काही वेळा टाचा उचलून चवड्यावर यावं. पोटरी आवळते आणि दाब उतरतो. रात्री पायाखाली दोन उशा घ्याव्यात.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावी. घोट्याजवळची पातळ झालेली शीर कधी खाजवताना, कधी आंघोळ करताना फुटते आणि रक्ताची धार लागते. माणूस घाबरून खुर्चीत बसतो, कुणी मांडीला फडकं आवळून बांधतं. दोन्ही चूक. पाय खाली असेपर्यंत दाब राहतो, आणि वर आवळलेल्या फडक्यानं रक्त परतीच्या वाटेवर अडून जास्तच वाहतं. माणसाला जमिनीवर आडवं करावं, पाय छातीपेक्षा वर उचलून धरावा, फुटलेल्या जागी स्वच्छ कापडाची घडी ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरावी आणि मग ती तशीच बांधून दवाखाना गाठावा.

(पुढील भाग : काखेतला घाम आणि कातडीखालच्या घर्मग्रंथी)