ब्राउझर पडला की कारण शोधायचो, ती वर्षं

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. जानेफळात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या आम्हा केंद्रवाल्यांच्या टेबलावरची कित्येक यंत्रं त्या दिवशी चालतीबोलती बाद ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे साधारण २०१७च्या आधीचं मशीन कितीही धडधाकट असो, दारातच अडतं. तेव्हापासून कुणाचाही ब्राउझर बंद पडला की निदान ठरलेलं: "भाऊ, जुनं झालं थे. फॉरमॅट मारा, नाही तं नवं घ्या." मशीन उघडूनही न बघता.

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ब्राउझर का पडला हे शोधून काढणं, हेच आमच्या धंद्यातलं खरं कसब होतं.

डायल-अपचा आणि एमएस-सीआयटीच्या पहिल्या बॅचांचा काळ मी सोडून देतो. लोक त्यावर फार हळवं लिहितात. मला तरी ती वर्षं कंटाळवाणी वाटली. एकच ब्राउझर, एक्सप्लोररचा निळा 'ई'. तो अडकला की रीस्टार्ट करायचं, नाहीतर भारनियमनाची वेळ झाली म्हणून शटर ओढायचं. शोधायला वावच नव्हता.

गंमत सुरू झाली ती २ सप्टेंबर २००८ला क्रोम आल्यावर. त्यात टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालायचे. तोवर एका पानाची चूक अख्ख्या ब्राउझरला घेऊन बुडायची. आता तेवढा टॅब मरायचा, बाकीचे शाबूत. शिफ्ट-एस्केप दाबलं की कोण किती मेमरी खातंय ते समोर दिसायचं. फायरफॉक्सनेही २०१०मध्ये फ्लॅशला वेगळ्या प्रोसेसमध्ये नेऊन बसवलं. पडण्याचं कारण काय, याचा पुरावा पहिल्यांदा आमच्या हाती आला.

तिथून पुढची दहाएक वर्षं मी जगलो. विहिरीवरची मोटर नुसती ऐकून कपॅसिटर गेला की बेअरिंग, हे सांगणारे मिस्त्री आमच्या भागात आहेत. आम्ही ब्राउझरच्या बाबतीत तसे झालो होतो. आधी इन्कॉग्निटो उघडायचं. तिथे नीट चालला तर बहुतेक दोष एक्स्टेन्शनचा. एकेक बंद करत जायचं. फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत घुसलेला एखादा टूलबार हमखास सापडायचा. तसं नसेल तर नवीन प्रोफाइल बनवून बघायचं, कारण लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली की जुन्या प्रोफाइलच्या फाइली अर्धवट लिहिल्या जायच्या. व्हिडिओ लावला की किंवा पान खाली सरकवलं की पडतो? हार्डवेअर ॲक्सिलरेशनचा टिक काढायचा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना. ब्राउझरच नव्हे, वर्डसुद्धा मधूनच पडतो? मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं. एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस भांडताना तर मी कितीदा पकडलेत. आणि तारीख मागे गेल्यामुळे साइट उघडत नसेल, तर तो क्रॅश नव्हे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलायचा, एवढंच. गिऱ्हाईक मात्र त्यालाही "पडलं" म्हणायचं.

या सगळ्याची परीक्षा झाली २०१७च्या पावसाळ्यात. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेची दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, अर्ज ऑनलाइन, बोटाचा ठसा लागणार. नवरा-बायको दोघांना यावं लागायचं. सोयाबीनची फवारणी सोडून आलेली माणसं ओळीने बसलेली आणि ठसा देताक्षणी ब्राउझर ठप्प. त्याच वर्षी ठशाच्या यंत्रांना नोंदणीकृत असण्याची सक्ती झाली होती. पान थेट यंत्राशी बोलत नव्हतं. मशीनमध्येच चालणाऱ्या एका छोट्या सेवेला ११,१०० क्रमांकाच्या आसपासच्या पोर्टवर हाक मारत होतं. ती सेवा अँटिव्हायरसने अडवली की सगळं लटकायचं. हे एकदा उमगल्यावर रांग सरकली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्यांनी शिकवायला हवं होतं त्यांचं उत्तर "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" एवढंच असायचं.

जुना हिशेब काढलाच आहे तर एक आणखी. क्रोमने सप्टेंबर २०१५मध्ये जुनी प्लगइन कायमची बंद केली, जावा ॲप्लेट त्यातच गेलं. तरी डिजिटल सहीसाठी "अमुक आवृत्तीचा एक्सप्लोरर आणि तमुक आवृत्तीचं जावा" मागणारी पानं पुढे वर्षानुवर्षं भेटत राहिली. एका कामासाठी जावा चढवायचं, दुसऱ्यासाठी उतरवायचं, आणि या चढउतारात मशीन बिघडलं की दोष केंद्रवाल्याचा! एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, फ्लॅश त्याआधी १२ जानेवारी २०२१पासून चालेनासं झालं. दोघांसाठीही माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

गेलं ते वेगळंच: कारण शोधायचं कसब. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२०मध्ये सुटला, तरी क्रोम तिथे तीन वर्षं टिकला. १०९ ही शेवटची आवृत्ती २०२३च्या जानेवारीतली. तेव्हापासून हल्लीच्या दुरुस्तीवाल्या पोरांना एक सोपी सबब मिळाली: आवृत्ती जुनी. सबब अर्धी खरी आहे, म्हणूनच जास्त घातक. फॉरमॅट मारताना पेनड्राइव्हमधली कसली तरी ३२ बिटची कॉपी टाकतात, जी चार जीबीच्या पुढची रॅम ओळखतच नाही. गिऱ्हाइकाने आठ जीबीचे पैसे मोजलेले असतात. ब्राउझर परत पडतो, परत फॉरमॅट. सेव्ह केलेले पासवर्ड जातात, स्कॅन केलेले सातबारे जातात, पण कारण आत तसंच राहतं आणि पैसे दोनदा घेतले जातात.

विंडोज १० वाल्यांना घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज तोवर उरकलेले असतील. रब्बीची गर्दी त्यानंतरची आहे.