चांगल्या पाण्याची कसोटी आणि नायट्रेट

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या बोलीत पाण्याची प्रत सांगणारे शब्द थोडे नाहीत. पाणी गोडे असते, खारे असते, मचूळ असते. गढूळ असते वा निवळ असते. ज्यात डाळ शिजत नाही ते जड म्हटले जाते. या साऱ्या शब्दांच्या मुळाशी जीभ, डोळा आणि चूल याच कसोट्या आहेत. नायट्रेट हा क्षार या तिन्ही कसोट्यांतून निसटतो. विहिरीच्या पाण्यात तो सामान्यतः ज्या प्रमाणात आढळतो, त्या प्रमाणात त्यास ना रंग, ना वास, ना चव. यास्तव गोडे व निवळ ठरलेले पाणी निर्दोष असेलच असे म्हणता येत नाही.

शेतीच्या परिभाषेत ‘नत्र’ हा शब्द पोषणाचा वाचक आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. पिकाने न घेतलेल्या नत्राचे जमिनीतील सूक्ष्म जंतू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मातीच्या कणांप्रमाणेच नायट्रेटवरही ऋण विद्युत्भार असल्यामुळे माती त्यास धरून ठेवीत नाही आणि सिंचनाच्या पाण्याबरोबर ते खाली उतरते. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांवर प्रवरेच्या खोऱ्यात ऊस वाढला. पुढे त्यास रासायनिक खताची जोड मिळाली. काळ्या जमिनीखालील बेसाल्टच्या भेगांतून हा निचरा विहिरींपर्यंत पोहोचतो. गोठे, उकिरडे व शोषखड्डे त्यात भर घालतात. संगमनेर परिसरातील विहिरींच्या प्रसिद्ध झालेल्या तपासण्यांत मर्यादेबाहेरील नायट्रेट आढळले आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील एकतृतीयांशाहून अधिक नमुन्यांत हीच स्थिती होती.

ही मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तिचे प्रयोजन मुख्यतः तान्ह्या मुलांशी निगडित आहे. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट बनते. ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करते आणि अंग निळसर पडते. विहिरीच्या पाण्याशी असलेला या विकाराचा संबंध अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या वैद्याने १९४५ मध्ये दाखवून दिला. सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावर वाढणाऱ्या बालकास हा धोका सर्वाधिक असतो.

येथे ‘शुद्ध’ या शब्दाचा रूढ अर्थ अपुरा पडतो. पाणी शुद्ध करणे म्हणजे ते गाळणे, त्यात तुरटी फिरविणे, उकळणे किंवा क्लोरिनची पूड घालणे, असा व्यवहार आहे. गाळ व रोगजंतू यांच्यापुरते हे उपाय योग्यच होत. परंतु विरघळलेले नायट्रेट त्यांनी जात नाही. उकळण्याने तर ते दाट होते : लिटरचे पाऊण लिटर झाले, की ४५ मिलिग्रॅमचे प्रमाण ६० वर जाते. बाळासाठी मुद्दाम अधिक वेळ उकळलेले पाणी अशा ठिकाणी अधिक सदोष ठरते.

उलट परासरण किंवा आयनविनिमय यांनी नायट्रेट काढता येते. कमी नायट्रेटचे पाणी मिसळून त्याचे प्रमाण खाली आणता येते. खताची मात्रा विभागून देणे आणि पाण्याच्या उद्भवापासून उकिरडे दूर ठेवणे हे मूळावरील उपाय होत. मात्र या सर्वांच्या आधी प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक आहे. जी गोष्ट जिभेला व डोळ्यांना कळत नाही, तिच्याविषयी ‘पाणी चांगले आहे’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्वाळा पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही.