पुसलेला क्रमांक

कायद्याचे रीतसर शिक्षण नसताना कायदे वाचण्याचा मला नाद आहे. अमेरिकेतील राज्यांचे बंदुकीवरील क्रमांकाविषयीचे कायदे वाचताना प्रश्न पडला: नुसता आकडा घासला, गोळी सुटलीच नाही, तर गुन्हा कसला?

उत्तर १९६८च्या संघीय कायद्यात मिळाले. त्याने परवानाधारक उत्पादकांना प्रत्येक बंदुकीवर क्रमांक घालणे सक्तीचे केले. त्यावरून कारखाना, दुकान, पहिला खरेदीदार असा माग लागतो. आकडा गेला की माग तुटतो. म्हणून कॅलिफोर्नियात आकडा घासणे हा गंभीर गुन्हा आहे. तसे शस्त्र जाणूनबुजून बाळगणे हा वेगळा, सौम्य गुन्हा.

२०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका संघीय न्यायाधीशांनी असे शस्त्र बाळगण्यावरील संघीय बंदी घटनाबाह्य ठरवली. १७९१ साली शस्त्राचा हक्क घटनेत आला तेव्हा क्रमांकाची सक्ती नव्हती, हा त्यांचा आधार. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: कायदेशीर कामासाठी अशी बंदूक सहसा कोणी ठेवत नाही.

मला हेच पटते. शस्त्र बाळगण्याच्या हक्कात त्याची ओळख पुसण्याचा हक्क येत नाही. शिवाय ठसा मारताना आकड्याखालचे पोलादही दबते. वरचा भाग घासला तरी आम्ल लावल्यावर आकडा अनेकदा पुन्हा उमटतो.